ऑफ-रोडनंतर धुतलेली गाडी पुन्हा पुन्हा थरथरते: अडकलेला चिखल कुठे शोधायचा आणि कसा काढायचा

तक्रार नेहमीची आहे. पावसाळ्यात कच्च्या वाटेवरून फोर बाय फोर बाहेर काढली, वॉशिंग सेंटरला नेली, फेस मारला, पुसून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी महामार्गावर ताशी ७० किलोमीटर ओलांडले की स्टीअरिंग थरथरायला लागतं आणि ८०-९०च्या दरम्यान हातात धरवत नाही. व्हील बॅलन्सिंग करून घेतलं की थांबतं, आठवड्याभरात पुन्हा सुरू होतं. मग कुणी अलाइनमेंट करायला सांगतं, कुणी टायर बदलायला, कुणी सस्पेन्शनचे बुश. पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

नव्या टायरची ऑर्डर देण्याआधी चाकाच्या मागे हात घालून बघा. अशा तक्रारींमध्ये सगळ्यात आधी संशय घ्यावा तो चिखलाचा. वॉशिंग सेंटरला गाडीचा दिसणारा भाग धुतला जातो. त्रास देणारा चिखल रिमच्या आतल्या बाजूला, चेसिसच्या पोकळीत, बॅश प्लेटवर (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावर), ब्रेक ड्रममध्ये आणि रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो.

थरथर: रिमची आतली बाजू

चाक फिरताना आत शिरलेला चिखल बाहेरच्या दिशेने फेकला जातो आणि रिमच्या आतल्या गोलाईला दाबून बसतो. वेग जितका जास्त, तितका तो अधिक घट्ट दाबला जातो. गाडी रात्रभर उभी राहिली की ओला चिखल खाली ओघळतो आणि चाकाच्या एकाच बाजूला जमा होऊन वाळतो. त्यामुळे संध्याकाळी नीट चाललेली गाडी सकाळी थरथरते.

याचा जोर किती असतो ते साध्या हिशेबात कळतं. रिमच्या आत एका बाजूला फक्त १०० ग्रॅम चिखल चिकटलेला असेल, तर ताशी ८० किलोमीटरला तो चाकाला साधारण सात किलो वजनाइतकी ओढ देतो आणि ही ओढ सेकंदाला नऊ-दहा वेळा दिशा बदलते. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ४०ला तोच चिखल दोन किलोहूनही कमी ओढतो आणि गावातल्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही. बॅलन्सिंगवाला ५-५ ग्रॅमच्या शिशांनी (तोल साधायच्या छोट्या वजनांनी) चाक जुळवतो हे लक्षात घेतलं, तर मूठभर चिखलाने काय होत असेल याचा अंदाज येईल.

बॅलन्सिंग करूनही थरथर परत का येते, याचं उत्तरही इथेच आहे. चाक काढून मशीनवर चढवताना आतला चिखल खरवडला नाही, तर मशीन चिखलासकट चाक जुळवतं. चिखलाचा तोल राखायला समोरच्या बाजूला शिसं लागतं. पुढे तो चिखल वाळतो, तडकतो, एखाद्या खड्ड्यात त्याचा पोपडा गळून पडतो, आणि आता ते शिसंच जास्तीचं ठरतं. म्हणून बॅलन्सिंगला जायच्या आधी रिम आतून पूर्ण स्वच्छ हवी. तुमच्यासमोर चाक मशीनवर चढत असेल तर आतली बाजू स्वतः बघा, आणि माती दिसली तर काम थांबवून आधी ती काढायला सांगा. यात संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

सफाईसाठी चाक काढणं सर्वांत चांगलं. सपाट, टणक जागा निवडा, विरुद्ध बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा आणि मगच जॅक चढवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंग घालू नका. काढलेलं चाक आडवं ठेवून पाण्याने भिजवा, लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या ब्रशने गोलाई मोकळी करा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर रंग जातो आणि तिथूनच गंज धरतो.

चाक काढायचं नसेल तर स्पोकच्या फटींतून आणि मागच्या बाजूने पाण्याचा पाइप सोडा, गाडी अर्धं चाक पुढे घ्या, पुन्हा पाणी सोडा. गाडी पुढे घेण्याची ही पायरी हमखास राहून जाते, कारण एका जागी उभ्या गाडीत कॅलिपर (ब्रेकची पकड) आणि सस्पेन्शनमागचा भाग झाकलेला राहतो.

चिकटवलेल्या शिशांवर प्रेशर गन धरू नका, ती निघून येतात. एखादं आधीच गळालं असेल तर रिमवर चौकोनी स्वच्छ डाग किंवा चिकट पट्टीचा उरलेला तुकडा दिसतो. असा डाग दिसला तर चिखल काढल्यावरही थरथर राहणार, तेव्हा बॅलन्सिंग करून घ्याच.

रिम स्वच्छ करूनही थांबलं नाही, तर थरथर कुठे जाणवते ते बघा. स्टीअरिंगमध्ये असेल तर शोध पुढच्या चाकांत घ्यायचा, सीटखाली आणि फ्लोअरवर असेल तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क आणि पॅड बघा. वेगासोबत संपूर्ण गाडीत घुमत असेल आणि गिअर टाकताना खालून ‘टक्क’ आवाज येत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, तपासा. शाफ्टलाही चिखलाचा थर चढतो, आणि शाफ्ट चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरतो, म्हणून तिथला छोटा गोळाही पुरतो. जिम्नी किंवा जिप्सीसारख्या पुढे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असलेल्या गाडीत एका ठरावीक वेगाला स्टीअरिंग जोरजोरात डावी-उजवीकडे झटकत असेल, तर वेग हळूहळू कमी करा आणि सरळ गॅरेज गाठा. किंगपिनची बेअरिंग, बुश, स्टीअरिंग डॅम्पर हे मेकॅनिकनेच बघायला हवं.

माती कोणती, त्यावर धुण्याची पद्धत

कोकणातला आणि घाटमाथ्याचा लाल चिखल आणि देशावरच्या काळ्या मातीचा चिखल यांना एकच उपाय चालत नाही.

जांभ्याची लाल माती दाणेदार असते. पाण्याने ती लवकर सुटते, पण दोन त्रास देते. तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे सीटच्या कापडावर, पांढऱ्या रंगावर आणि प्लॅस्टिकवर तांबूस डाग राहतात. आणि तिच्यातली खर रंगावर बारीक ओरखडे पाडते. लाल चिखल अंगावर असताना गाडीला कापड लावायचं नाही, ओलंसुद्धा नाही. नुसतं पाणी सोडून खर वाहून जाऊ द्यायची, शाम्पू आणि मऊ हातमोजा त्यानंतर. मोजा धुवायची बादली वेगळी ठेवा.

काळी माती वेगळीच. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून कडक होते. टायरच्या खाचा भरतात, मग टायर आणि मडगार्डमधली जागा भरते, आणि पेरणीच्या दिवसांत शेतात उतरलेल्या गाडीचं चाक फिरणंच बंद होतं. वाळलेल्या काळ्या ढेकळावर प्रेशर गन मारली तर वरचा थर उडतो आणि आतला तसाच राहतो. तिला वेळ द्यावा लागतो. कमी धारेने भिजवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. माती आतपर्यंत पाणी प्याली की लाकडी फळीने मोठमोठे गोळे सहज निघतात. शेतातून बाहेर पडतानाच मडगार्डमधला ओला चिखल काठीने काढून टाकला तर घरचं निम्मं काम वाचतं, शिवाय वाटेत डांबरी रस्त्यावर ढेकळं पडून मागून येणाऱ्या दुचाकी घसरत नाहीत. या दुसऱ्या कारणासाठी तरी हे करायलाच हवं.

किनाऱ्यावरची ओली वाळू लागली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मिठामुळे गंजाचा वेग फार वाढतो.

धुण्याचा क्रम

खालून सुरुवात, छत शेवटी. बहुतेक ठिकाणी उलटं करतात आणि पॉलिश झालेल्या दारांवर चेसिसचं घाण पाणी उडतं.

आल्या आल्या पाणी मारू नका. ब्रेक डिस्क, सायलेन्सर आणि इंजिन तापलेलं असतं, अर्धा तास थांबा. तापलेली डिस्क एकदम थंड झाली तर वाकडी होऊ शकते आणि थरथरीचं नवं कारण मागे लागतं.

आधी नुसत्या पाइपने चारही मडगार्डच्या आत, चेसिसवर आणि एक्सलवर भरपूर पाणी सोडा. जोर नको, पाणी हवं. शेतकऱ्याकडचा साधा मोटारीचा पाइप या कामाला उत्तम, कारण त्याची धार जाड असते. घरगुती प्रेशर वॉशर १००-१३० बारचा असतो. मडगार्डच्या पत्र्यावर, टायरवर आणि चेसिसच्या जाड लोखंडावर तो चालतो. रेडिएटरच्या पातळ पाकळ्या, एक्सलच्या टोकाचे ऑइल सील, सांध्यांवरचे रबरी बूट, अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि एक्सलमध्ये हवा ये-जा करणाऱ्या ब्रीदरच्या नळ्या यांच्यावर जवळून धार नेऊ नका. सील बाहेरून उडणारं पाणी अडवतं, पण नेमक्या धारेच्या जोराने पाणी आत ढकललं जातं आणि बेअरिंग काही महिन्यांनी आवाज करायला लागतं.

थार, बोलेरो, जिम्नी, गुरखा, जिप्सी या सगळ्या शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या गाड्या. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या आतून पोकळ असतात आणि त्यांना भोकं असतात. त्यातून गाळ आत जातो, पण बाहेर निघायचा मार्ग चिखलानेच बुजलेला असतो. पाइप एका भोकाला लावा आणि दुसरीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा. गंजाचं मूळ इथे आहे. वाहून गेलेल्या पाण्यापेक्षा ओलावा धरून बसलेल्या मातीने लोखंड जास्त खाल्लं जातं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचा गंज झपाट्याने वाढतो, आणि पावसाळ्यात कोकणात ती दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत चेसिसमधला ओला गाळ आपोआप वाळेल ही अपेक्षा धरू नका.

बॅश प्लेट असेल तर तिचे बोल्ट काढून एकदा खाली उतरवा. वरून पाणी मारून तिथला चिखल निघत नाही, तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. जिप्सीच्या सस्पेन्शनच्या पाट्यांच्या मधल्या फटी, मागच्या बंपरची आतली बाजू, मडगार्डमधल्या प्लॅस्टिकच्या अस्तराची वरची कड, फूट-स्टेपचे ब्रॅकेट या जागा बोटाने चाचपून बघा. डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या जागीच बोटाला चिखल लागतो. दारांच्या खालच्या कडेला आणि काचेखाली वायपरपाशी पाणी जाण्याची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. ती बुजली की पुढच्या पावसात पाणी केबिनमध्ये उतरतं आणि दोष रबरी बीडिंगला दिला जातो.

एक सवय मात्र सोडायलाच हवी. धुवून झाल्यावर खालून डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल फवारून घेण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. चेसिस दोन दिवस काळीभोर दिसते, पण डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं. सस्पेन्शनचे बुश आणि बूट लवकर जातात, ब्रेकवर तुषार गेला तर लायनर (ब्रेकचा घासणारा थर) धरत नाही, आणि तेलकट पृष्ठभागावर पुढची धूळ दुप्पट चिकटते. धुवून गाडी पूर्ण वाळवा. गंज दिसलेल्या जागा घासून प्रायमर आणि रंग द्या. अंडरबॉडी कोटिंग करायचं तर कोरड्या, स्वच्छ लोखंडावर. ओल्या चिखलावर मारलेलं कोटिंग ओलावा आतच कोंडतं.

ब्रेकमधून घासल्याचा आवाज

पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल तर बहुधा डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागी गाडी हळू मागे-पुढे घ्या, पुष्कळदा खडा गळून पडतो. नाहीच पडला तर चाक काढून पाण्याच्या धारेने किंवा पत्रा बोटाने किंचित मागे ओढून काढा.

तीन दारांची थार आणि जिम्नी दोन्हींमध्ये मागे ड्रम ब्रेक आहेत. बंद ड्रममध्ये चिखलाचं पाणी शिरतं आणि पाणी आटल्यावर बारीक गाळ आत उरतो. तो लायनर आणि ड्रम दोन्ही घासत राहतो. हँडब्रेक नेहमीपेक्षा जास्त दात वर जायला लागला, ब्रेक एका बाजूला ओढायला लागला किंवा मागून किरकिर यायला लागली, तर ड्रम उघडून साफ करून घ्या. गाळ फुंकून उडवू नका, ब्रेकची धूळ फुप्फुसात जाणं वाईट. ब्रेक क्लीनर किंवा पाणी वापरा.

धुतल्यावर रिकाम्या रस्त्यावर हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चालवा म्हणजे पॅड आणि लायनर वाळतात. ओल्या ड्रमवर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी लायनर चिकटलेले सापडतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

घाटात तापमानाचा काटा चढतो

मैदानात ठीक आणि चढाला गरम, किंवा सिग्नलला उभं असताना एसीचा गारवा कमी होतो, अशी लक्षणं असतील तर रेडिएटरचा पुढचा भाग बघा. एसीचा कंडेन्सर पुढे असतो, त्यामागे रेडिएटर. चिखल आणि गवताचं बी या दोघांच्या मधल्या फटीत बसतं, आणि ग्रिलमधून बघितलं तर पुढची बाजू स्वच्छ दिसते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला पाणी सोडा. ज्या वाटेने घाण आत गेली त्याच वाटेने तिला बाहेर काढायचं. पाणी स्वच्छ यायला वेळ लागतो, घाई करू नका. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

जळका वास येत असेल तर ताबडतोब थांबून सायलेन्सरच्या आजूबाजूला गवत, भाताचा पेंढा, प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली गेली आहे का बघा. बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांमध्ये काजळीचा फिल्टर स्वतःला स्वच्छ करताना आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. पावसाळ्यात ओला असलेला पेंढा ऑक्टोबरात वाळतो आणि तोच पेट घेऊ शकतो. प्रोपेलर शाफ्टला गुंडाळलेलं गवतही कापून काढा, ते सीलमध्ये शिरतं.

ओढा ओलांडला असेल तर

थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे, पण एक्सल त्याच्या कितीतरी आधी पाण्यात बुडतो. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदरची नळी मोकळी असेल तर हवा येते. चिखलाने बुजली असेल तर सीलमधून पाणी येतं. म्हणून प्रत्येक सफाईत ब्रीदरचं तोंड पुसून मोकळं आहे ना ते बघा.

पाणी गेल्याचा संशय असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. सकाळी डिफरन्शियलचा (एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचा) खालचा प्लग हळूच सैल केला की आधी पाण्याचे थेंब येतात. तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसत असेल तर ते पाण्यात घुसळलं गेलं आहे, लगेच बदला. त्या तेलावर चाललेली गाडी गिअर आणि बेअरिंग दोन्ही खाते, आणि त्या दुरुस्तीपुढे तेलाचा खर्च काहीच नाही.

जिम्नी आणि जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या टोकांना लोखंडी गोळे असतात, त्यावर सील सरकतं. गोळ्यावर चिखल वाळू दिला तर पुढच्या वळणाला तो सील फाडतो. ओल्या फडक्याने ते पुसा. थारसारख्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत रबरी बूट बघा. रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे. ज्या क्रॉसला ग्रीस निप्पल आहे तिथे जुनं चिखलमिश्रित ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.

गाडी कुठे धुवायची

नदीत, ओढ्यात किंवा तळ्याच्या काठावर नाही. खालून सुटणारं ऑइल आणि ग्रीस गावाच्या पाणवठ्यात जातं. आणि एका जंगलातला चिखल दुसऱ्या पठारावर नेऊ नका. मडगार्डमधल्या मातीत गाजर गवताच्या आणि रानमोडीच्या बिया असतात. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं गाजर गवत देशभर पसरायला माणसांची आणि मालाची ये-जा कारणीभूत ठरली. सड्यांवरची (खडकाळ पठारांवरची) नाजूक रोपटी पातळ मातीत वाढतात, त्यात असं तण शिरलं तर निघत नाही. म्हणून एका ट्रेलवरून थेट दुसऱ्या ट्रेलवर जायचं असेल तर मध्ये चाकं आणि मडगार्ड धुवून घ्या.

शेवटी, ज्यांनी चाकं काढली त्यांच्यासाठी: हबचा (चाक ज्यावर बसतं त्याचा) आणि रिमचा टेकणारा भाग पुसून मगच चाक बसवा. तिथे चिखलाचा थर राहिला तर चाक किंचित तिरकं बसतं, आणि थर झिजल्यावर नट सैल होतात. नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.